हंड्याचा भार आणि यंत्राची बुद्धी



नववीच्या विज्ञानात ‘कार्य आणि ऊर्जा’ हा पाठ आहे. डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन सपाट वाटेने चालणाऱ्या मुलीच्या बाबतीत गुरुत्वीय बलाने केलेले कार्य शून्य असते. कारण बल खाली आणि विस्थापन आडवे, दोहोंत काटकोन. विधान शास्त्रशुद्ध आहे. परंतु जी मुलगी रोज हंडा वाहते, तिची मान खरोखरच अवघडते. ‘कार्य शून्य, तर दमणूक कशाची?’ हा तिचा प्रश्न अस्सल वैज्ञानिक आहे. हंडा तोलताना स्नायू सतत ताणलेले राहतात, त्यात अन्नातून मिळालेली ऊर्जा खर्च होते व तिची उष्णता होते, हे त्याचे उत्तर. ते सांगणारे सुशिक्षित पालक वा शिकवणी शहरी मुलाला लाभते. वाडी-वस्तीवरील मुलीचा प्रश्न मात्र मनातच विरतो आणि विज्ञान ही पाठांतराची बाब होऊन बसते.

मुंबईत 1974 साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने वंचित वस्त्यांतील विद्यार्थ्यांसमवेत काम करताना पाठ्यपुस्तकाची भाषा हाच मोठा अडसर असल्याचे दाखविले. उणीव बुद्धीची नव्हे, संधीची होती. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे मोल येथे आहे. मुलीने आपल्या बोलीत विचारावे, यंत्राने न कंटाळता दहादा समजवावे, हे आता शक्य झाले आहे. 2022 मध्ये आरंभ झालेला केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ उपक्रम भारतीय भाषांतील ध्वनी व अनुवाद यांसाठीच आहे.

तथापि दोन सावधगिरीच्या गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पहिली अशी, की हे यंत्र वाचलेल्या मजकुराच्या आधारे संभाव्य शब्द जुळविते. हंडा त्याने कधी उचललेला नसतो. बाजारात वजन किलोत सांगतात. शास्त्रात किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आणि वजन न्यूटनमध्ये. अशा ठिकाणी यंत्र चुकू शकते आणि चूकही तितक्याच ठामपणे सांगते. दुसरी अशी, की ज्या भाषेत लिखित मजकूर अल्प, तेथे ते दुबळे ठरते. घटनेच्या आठव्या अनुसूचीत 22 भाषा आहेत. संथाळी व बोडो त्यांत आहेत, परंतु मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी नाही. सर्वाधिक गरज असलेले मूलच पुन्हा मागे राहण्याचा धोका आहे.

म्हणून केवळ यंत्र वाटून भागणार नाही. माणूस उभा करावा लागेल. गावोगावच्या अभ्यासिकांतून हे सहज साधेल. एक भ्रमणध्वनी, पाच-सहा मुले आणि एक कार्यकर्ता. प्रश्न प्रथम वहीत लिहावा, मुलांनी स्वतः तर्क करावा, नंतर यंत्राला विचारावे आणि अखेरीस ताणकाटा, दोरी, दगड घेऊन पडताळावे. शंका उरल्यास शिक्षकांकडे जावे. मुलांची नावे व छायाचित्रे यंत्रात घालू नयेत. कोरकू, गोंडी जाणणाऱ्यांनी समाजाच्या संमतीने त्या भाषांतील शब्द नोंदवून ठेवावेत.

उत्तरे आता स्वस्त झाली आहेत. निर्भयपणे विचारलेला प्रश्न आजही दुर्मीळ आहे. हंडा वाहणाऱ्या मुलीला तो विचारता येईल आणि उत्तर तपासताही येईल, त्या दिवशी विज्ञान तिच्या दारी पोहोचले असे म्हणता येईल.