तटाच्या आंतली भूक

बायबलांत यरुशलेमच्या पाडावाची हकीकत आहे. राजा सिद्कीया हा बाबेलचा मांडलिक. पण मिसरच्या भरंवशावर त्यानें बंड केलें. नबुखद्नेस्सरानें नगर वेढलें. मिसरचें सैन्य आलें नि परतलें. अखेर इ. स. पूर्व 586 च्या सुमारास धान्य संपलें व तट फुटला.

असाच प्रसंग आमच्या जालन्याहून पश्चिमेस, देवगिरीवर, 1633 मध्यें घडला. मलिक अंबरचा पुत्र फत्तेखान हा कधीं मोंगलांच्या बाजूस, तर कधीं विजापूरकरांच्या. महाबतखानानें दौलताबादेस वेढा घालून सुरुंगानें अंबरकोट फोडला. रसद पोंचविण्याचे विजापूरकरांचे प्रयत्न फसले. तासलेल्या कड्यावरचा बालेकिल्ला अभेद्यच होता; परंतु आंत अन्न उरलें नव्हतें. जून महिन्यांत फत्तेखानानें किल्ला स्वाधीन केला. सिद्कीया बेड्यांत बाबेलास गेला. बाल निजामशहा ग्वाल्हेरच्या कैदेंत गेला.

दोन्ही ठिकाणीं धोरण बदललें तें धन्यानें. उपास मात्र काढिले ते शिबंदीनें व रयतेनें. देवगिरी पाहावयास जाल तेव्हां खंदकाची खोली अवश्य पाहा. पण तटाच्या आंत उपाशी राहिलेल्या त्या निनांवी माणसांचेंही स्मरण असूं द्या.