दमा आणि पोहणे : पुन्हा पाण्याकडे



मराठवाड्यात मुले पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकत आली. दमा जडला की तेच मूल काठावर बसते आणि ‘पंपाची सवय लागेल’ या भीतीने त्याचे औषधही थांबते. या दोन्ही गोष्टींचा पालकांनी फेरविचार करावा, अशी आमची विनंती आहे.

१९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेले मुरलीकांत पेटकर पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक विजेते ठरले. अमेरिकेच्या एमी व्हॅन डायकन यांना लहानपणापासून दमा होता. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्यांनी जलतरणात ४ सुवर्णपदके मिळविली.

पाण्यालगतची दमट हवा श्वासनलिकांना कोरडे पडू देत नाही. क्लोरीनचा उग्र दर्प मात्र त्रास वाढवू शकतो. म्हणून सराव पुन्हा सुरू करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बरे वाटले तरी रोजचे प्रतिबंधक औषध परस्पर सोडू नये. आरंभी अंतर थोडे, विसावा अधिक असावा. तातडीचा पंप काठावर हाताशी ठेवावा. विहिरीत वा तलावात एकट्याने उतरू नये.

पीक फ्लो मीटर या छोट्या यंत्रात रोज फुंकून आकडा लिहावा. स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली तो आला, तर सराव थांबवून डॉक्टरांना विचारावे. आम्ही वाणिज्य शाखेचे. रोजकीर्दीवाचून शिल्लक कळत नाही, हे जाणतो. श्वासाचेही तसेच आहे. गरजू मुलांच्या हाती हे यंत्र देण्यास देणगीदारांनी साहाय्य करावे, ही नम्र प्रार्थना.