बीडीएस झालेली आपा आणि ३५० प्रश्न



संयोजकांनी मला ‘आयटीतल्या संधी’ असा विषय दिला होता. त्यावर बोलणारे पुण्यात दर चौकात एक मिळतील. मी आज अशा परीक्षेबद्दल बोलणार आहे, जी मी दिलेलीच नाही. दिली माझ्या थोरल्या बहिणीनं, आपानं. ती फ्लोरिडात टॅम्पाला असते. मी वर्षभर तिच्यासोबत व्हिडिओ कॉलवर अभ्यासाला बसलो. तिकडे रात्रीचे नऊ, पोरं झोपलेली. इथे सकाळचे साडेसहा. हिवाळ्यात त्यांची घड्याळं मागे जातात, तेव्हा साडेसात.

परीक्षा डेंटल हायजिनिस्टची. दातांवरचं कीटण खरवडून काढणं, हिरड्यांची खोली मोजणं, एक्स-रे काढणं, घरी दात कसे जपायचे ते सांगणं, हे हायजिनिस्टचं काम. आपल्याकडे ते बहुतेक ठिकाणी डेंटिस्ट स्वतःच करतो. आपल्या १९४८ च्या डेंटिस्ट कायद्यातही हायजिनिस्टची व्याख्या आहे, पण तुमच्यापैकी किती जणांनी एखादा हायजिनिस्ट पाहिलाय? अमेरिकेत तो परवान्याचा स्वतंत्र पेशा आहे. कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्ट गावी आल्फ्रेड फोन्स या दंतवैद्यानं १९०६ मध्ये नात्यातल्या आयरीन न्यूमनला हे काम शिकवलं आणि १९१७ मध्ये तिला पहिला परवाना मिळाला. म्हणजे हा पेशा सुरूच झाला तो एका बाईपासून.

आपा बीडीएस आहे. पण इथल्या बीडीएसवर तिथं डेंटिस्ट होता येत नाही. त्यासाठी तिथल्या कॉलेजात पुन्हा दोन-तीन वर्षं शिकायचं, खर्च बहुतेक ठिकाणी लाख डॉलरच्या पुढे. फ्लोरिडा हे अशा थोड्या राज्यांपैकी आहे जिथं परदेशात शिकलेल्या डेंटिस्टला कागदपत्रं तपासून हायजिनिस्टच्या परवान्यासाठी परीक्षेला बसू देतात. लग्नानंतर दहा वर्षं घरात काढल्यावर आपानं हा रस्ता धरला.

घरी काय झालं असेल ते ओळखा. खाला म्हणाली, “डॉक्टर होऊन लोकांचे दात घासणार?” आपा म्हणाली, “खाला, दहा वर्षं भांडी घासतेय, त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही.” मला विचाराल तर आपल्या घरांत मुलीची डिग्री रिश्ता जमेपर्यंत सगळ्यांना हवी असते. नंतर ती कपाटात जाते, लग्नाच्या शालूच्या खाली.

ती डिग्री कपाटातून काढली आणि पहिली अडचण समोर आली ती नावाची. हे नीट ऐका, कारण इथल्या निम्म्या लोकांना कधी ना कधी हे भोवणार आहे. डिग्रीवर आपाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टवर नवऱ्याचं आडनाव. दहावीच्या सर्टिफिकेटवर ‘शेख’ रोमन लिपीत एका स्पेलिंगनं, डिग्रीवर दुसऱ्या. अब्बांच्या नावातला ‘मोहम्मद’ कुठे पूर्ण, कुठे नुसता ‘मोहं.’. परीक्षेच्या केंद्रावर ओळखपत्रावरचं आणि नोंदणीतलं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत. निकाहनामा उर्दूत. शेवटी लग्नाच्या सरकारी नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि प्रमाणित भाषांतर, एवढं जमवावं लागलं. विद्यापीठाकडून सीलबंद गुणपत्रकं मिळवायला मी चार खेटे घातले. ज्यांचं अजून कॉलेज चालू आहे त्यांनी आज घरी जाऊन सगळ्या कागदांवरचं स्पेलिंग एकदा जुळवून बघा. फुकट होणारं काम आहे.

आता परीक्षा. एकूण ३५० बहुपर्यायी प्रश्न, एकाच दिवशी, संगणकावर. पहिले २०० सुटे: ६१ मूलभूत शास्त्राचे, ११५ प्रत्यक्ष कामाचे, २४ सार्वजनिक आरोग्य आणि संशोधनाचे. मधे सुटी, मग १५० प्रश्न रुग्णांच्या केसवर. रुग्णाचा इतिहास, तक्ता, एक्स-रे, फोटो समोर देतात आणि विचारतात, सांगा आता काय कराल. गुण ४९ ते ९९ या पट्टीवर, ७५ ला पास.

आपाला वाटलं होतं शरीरशास्त्र जड जाईल. जड गेले ते आकडे. भारतात दातांना दोन अंकी नंबर देतात: पहिला अंक जबड्याचा भाग, दुसरा मधल्या रेषेपासूनचा क्रम. वरची उजवी पहिली दाढ म्हणजे १६. अमेरिकेत १ ते ३२ सलग मोजतात, तीच दाढ तिथं ३. आणि १६ म्हटलं की वरची डावी अक्कलदाढ! आमच्या धंद्यात एकाच कोडचे दोन अर्थ झाले तर प्रोग्राम चुकतो, इथे भलत्याच दाताकडे हात जाईल. मी एक छोटा प्रोग्राम लिहून सगळ्या ३२ दातांची कार्डं बनवली आणि अँकी नावाच्या ॲपमध्ये टाकली. बरोबर आलेलं कार्ड ते ॲप काही दिवसांनी परत दाखवतं, चुकलेलं लगेच. तीन आठवड्यांत आपा झोपेतही सांगू लागली.

दुसरा डोंगर हिरड्यांच्या रोगाचा. ती शिकली तेव्हा १९९९ चं वर्गीकरण होतं. २०१८ मध्ये ते बदललं. आता चार स्टेज आणि तीन ग्रेड. सिगारेटी दिवसाला दहा किंवा जास्त, किंवा मधुमेह्याचा एचबीए१सी ७ किंवा त्याहून वर, तर ग्रेड सी. जुनं पुसून नवं लिहायला नव्यानं शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे मी समोर बसून पाहिलं. ती उत्तर देताना आधी जुना शब्द गिळायची.

फ्लोराइडचा प्रश्न मात्र तिनं मला शिकवला. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.७ मिलिग्रॅम फ्लोराइडची शिफारस आहे, तेच परीक्षेचं उत्तर. आणि फ्लोरिडानं २०२५ च्या जुलैपासून पाण्यात फ्लोराइड घालणंच बंद केलं. आपल्या यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत उलटं दुखणं, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आणि मुलांच्या दातांवर डाग. आपा म्हणाली, “हा धडा मला कॉलेजात पाठ होता, समजला आत्ता.”

मधे रमजान आला. तिथं तरावीहनंतर अभ्यास जमेना, मग ती सहरीच्या आधी उठायची. भाईजाननं, म्हणजे माझ्या मेहुण्यानं, तो महिनाभर शाळेचे डबे केले. पोरांनी तक्रार केली म्हणे. त्यानं डबे चालूच ठेवले, रमजाननंतरही.

मार्चअखेर निकाल आला. पास होणाऱ्याला गुण कळवत नाहीत, नुसतं ‘पास’. खालानं किती टक्के विचारलं, आणि टक्के नाहीत यावर तिचा अजून विश्वास नाही. परवाना अजून हातात नाही. कृत्रिम जबड्यावर कीटण काढून दाखवायची प्रात्यक्षिक परीक्षा आहे, राज्याच्या कायद्यांचा वेगळा पेपर आहे. पुढच्या महिन्यात दोन्ही. सध्या सकाळी साडेसहाला आपा कॅमेऱ्यासमोर प्लास्टिकचा जबडा धरून बसते, आणि मी स्टॉपवॉच लावतो.

आमची कार्डं अकराशेच्या वर झालीत. इथं कुणी बीडीएसवाली असेल, किंवा कुणाच्या घरी असेल, तर चहाच्या वेळी मला गाठा. मी फाइल पाठवतो. आपानंही सांगितलंय, तिला थेट फोन केला तरी चालेल, फक्त तिकडची रात्र बघून करा.