थंडीतलं टोमॅटोचं रोप : बी कधी टाकायचं, कुठे ठेवायचं

 

आम्ही निफाड तालुक्यातल्या एका गावातला बचत गट. आम्ही तेराजणी. कुणाची दीड एकर शेती, कुणाची तीन, दोघींच्या नावावर काहीच नाही. भाजीपाल्याची रोपं तयार करून द्यायची, हा आमच्या गटाचा धंदा. आज बोलायचंय उन्हाळी टोमॅटोच्या रोपाबद्दल. म्हणजे भर थंडीत बी टाकायचं आणि ऊन तापायच्या आत झाडाला फळ धरवायचं. यातलं शहाणपण आम्हाला फुकट मिळालेलं नाही, म्हणून आधी आमची चूक सांगतो.

आमच्याकडची थंडी तुम्ही बातम्यांत ऐकता. राज्यातलं सगळ्यात कमी तापमान म्हणून निफाडचं नाव बरेचदा येतं. एखाद्या वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली जातो आणि द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. अशाच एका हिवाळ्यात शेजारच्या गावातल्या एक मावशी आमच्याकडे आल्या. नवरा गेलेला, दीड एकर जमीन, विहिरीला बऱ्यापैकी पाणी. त्यांना ८,००० रोपं हवी होती. बी त्यांनी स्वतः आणून दिलं, तेही हातउसन्या पैशांनी. संकरित बियाणं किती महाग असतं ते तुम्हाला माहीत आहेच.

आम्ही ९८ कप्प्यांचे १०४ ट्रे भरले. कोकोपीट ओलं केलं, एकेका कप्प्यात एकेक बी टोचलं आणि ट्रे शेडनेटमध्ये जमिनीवर मांडून टाकले. पावसाळ्यात असंच करत होतो, तसंच केलं. तारीख होती जानेवारीची पहिली. त्याच आठवड्यात थंडीची लाट आली. आम्ही रोज संध्याकाळी झारीनं पाणी देत होतो. आठ दिवस झाले, दहा झाले, बारा झाले, वर काही दिसेना. तेराव्या दिवशी एकीनं कप्पा उकरून पाहिला. बी मऊ पडलं होतं, बोटानं दाबलं तर पाणी निघालं. १०४ ट्रेमधून हजारभर रोपंसुद्धा उभी राहिली नाहीत.

मग व्हायचं तेच झालं. एक म्हणाली, बियाणं बोगस. दुसरी म्हणाली, कोकोपीट खराब. तिसरी म्हणाली, पाणी घालणारीनं जास्त घातलं. पाणी घालणारी रडत घरी गेली. मावशी काही बोलल्या नाहीत, आणि तेच आम्हाला जास्त लागलं.

आमच्यातल्या एक आजी मात्र शांत होत्या. पुडीत थोडं बी उरलं होतं. त्यांनी त्यातलं २५ बी मोजून ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि चुलीपासून दोन हात लांब, फळीवर ठेवलं. सहाव्या दिवशी फडकं उघडलं तर २५ पैकी २२ बियांना मोड आले होते. म्हणजे बी चांगलं होतं. चूक थंडीची होती, आणि थंडीत बी कसं सांभाळायचं हे न कळणाऱ्या आमची होती.

मावशींचे बियाण्याचे पैसे आम्ही गटाच्या बचतीतून भरून दिले. त्या महिन्यात आमच्यातल्या एकीला लेकीच्या फीसाठी कर्ज द्यायचं ठरलं होतं, ते पुढे ढकलावं लागलं. मावशींनी दुसरीकडून रोपं आणून मार्चमध्ये लावली. एप्रिलच्या उन्हात फुलं गळाली. पैसे परत मिळाले, पण हंगाम कुठून परत येणार?

आता त्यातून शिकलो ते सांगतो.

टोमॅटोचं बी तारीख बघत नाही, ऊब बघतं. भोवतालची माती किंवा कोकोपीट २५ ते ३० अंश असेल तर बी सहा-सात दिवसांत वर येतं. २० अंश असेल तर आठ-नऊ दिवस लागतात. १५ अंशांना दोन आठवडे. आणि १० अंशांवर महिना उलटून जातो, तोवर ओलीत पडलेलं बी कुजून जातं. आम्ही शेडनेटच्या भरवशावर होतो. पण शेडनेट ऊन अडवतं, थंडी अडवत नाही. त्यात आम्ही संध्याकाळी पाणी देऊन ट्रे आणखी गार करत होतो.

म्हणून आता बी रुजेपर्यंत ट्रे घरात ठेवतो. एकीच्या घरी १०४ ट्रे कसे मावणार? तेराजणींत वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला आठ येतात. आठ ट्रेची एक चळत खोलीच्या कोपऱ्यात सहज बसते. स्वयंपाकघराला लागून असलेली खोली चांगली. गोठ्याची आतली बाजूही चालते, जनावरांच्या अंगाची ऊब असते. कोकोपीट कोमट पाण्यानं ओलं करायचं. मुठीत दाबल्यावर थेंब गळू नये, इतपतच. बी अर्धा सेंटीमीटर खोल टाकायचं. ट्रे एकावर एक ठेवून वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळायचा आणि रात्री त्यावर गोणपाट किंवा जुनी गोधडी टाकायची. चुलीला मात्र चिकटवून ठेवायचं नाही. ३५ अंशांच्या वर ऊब गेली तर बियाला तीही सोसत नाही.

एक साधा तापमापक घ्या. गटात एक पुरतो. पहाटे सहा वाजता आणि दुपारी दोन वाजता ट्रेमध्ये खोचून बघा आणि वहीत लिहा. आम्हाला वाटायचं, अंगाला कळतं की थंडी किती आहे. नाही कळत. स्वेटर आपण घातलेला असतो, बियानं नाही.

आणखी एक. विकतच्या बियाला बरेचदा रंगीत औषध चोळलेलं असतं. असं बी स्वयंपाकाच्या भांड्यात घ्यायचं नाही, लेकरांच्या हाताला लागू द्यायचं नाही, हात साबणानं धुवायचे. घरात ट्रे ठेवणार असाल तर हे आधी ठरवा.

तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ कागद उघडून पाहायचं. निम्म्या कप्प्यांतून बाकदार कोंब डोकावले की त्याच दिवशी ट्रे उजेडात न्यायचे. इथे एक दिवसाचा आळस केला तर रोप उजेडासाठी लांबतं, पांढरं काडीसारखं होतं आणि पुढे मान टाकतं. अशी रोपं नंतर सुधारत नाहीत.

उजेडात नेलं म्हणजे थंडी संपली असं नाही. बाहेर आम्ही तारेच्या कमानी करून त्यांवर प्लॅस्टिक टाकतो, बुटका बोगदाच म्हणा. दुपारी चार-साडेचारला ऊन असतानाच झाकायचं, म्हणजे दिवसाची ऊब आत अडकते. सकाळी नऊ-दहाला उघडायचं, नाहीतर आत वाफ धरते आणि रोपं बुडातून कोलमडतात. त्यालाच आपण मर म्हणतो. पाणी सकाळी दहानंतर द्यायचं, रात्रभर टाकीत गार झालेलं नको, विहिरीचं ताजं पाणी थंडीत कोमट असतं ते घ्यावं. कोकोपीट वरून सुकल्याशिवाय पुन्हा पाणी नाही. थंडीत रोप पाणी कमी पितं.

कधी पानांची खालची बाजू जांभळी दिसते. आम्ही घाबरून औषध मारायचो. थंडीत मुळांना स्फुरद उचलता येत नाही, म्हणून बरेचदा असं होतं. ऊब वाढली की नवी पानं हिरवी येतात. आधी झाकण नीट करा, मग दुकानात जा.

आता मुख्य प्रश्न, बी टाकायचं कधी? उत्तर उलटं मोजून काढायचं. आधी शेतात लावायचा दिवस ठरवायचा. आमच्याकडे संक्रांतीनंतर थंडी हळूहळू सैल होते. रात्र १२ अंशांच्या खाली फारशी जात नाही असं दिसलं की लावायचं. ते दिवस साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीचे. एरवी रोप २५ ते ३० दिवसांत तयार होतं, पण थंडीत ४० दिवस धरावे लागतात. शेवटी रोप कणखर करायला पाच दिवस, त्यात पाणी कमी करायचं आणि झाकण काढून ठेवायचं. एकूण ४५ दिवस. १ फेब्रुवारीपासून ४५ दिवस मागे गेलात की १८ डिसेंबर येतो. ही आमची तारीख. तुमच्या गावची थंडी वेगळी असेल तर तारीख वेगळी येईल, पण मोजायची रीत तीच.

कुणी म्हणेल, मग नोव्हेंबरमध्येच टाकून मोकळं व्हावं. तसं केलं तर शेत अजून गार असताना रोप ट्रेमध्येच म्हातारं होतं. खोड टणक होतं, मुळं गुंतून बसतात, कधी ट्रेमध्येच फुलकळी येते. असं झाड लावल्यावर वाढत नाही. आणि उशीर केला तर मावशींसारखं होतं. लावल्यापासून महिनाभरात फुलं येऊ लागतात. फेब्रुवारीत लावलेल्याला मार्चमध्ये फुलं येतात, तेव्हा फळ धरतं. मार्चमध्ये लावलेल्याला एप्रिलमध्ये येतात, आणि पारा ३५-३८ च्या वर गेला की फुलं गळतात. मागे थंडी आणि पुढे ऊन, मध्ये आपल्याला थोडेच दिवस मिळतात.

आमच्यातल्या एकीची भाची कॅनडात राहते. तिला फोनवर हे सांगितलं तर ती हसून म्हणाली, आत्या, आम्हीही तसंच मोजतो. तिच्याकडे मेच्या मध्यापर्यंत दहिवर गोठण्याची भीती असते. म्हणून शेवटच्या गोठणाऱ्या रात्रीपासून सहा ते आठ आठवडे मागे मोजून, मार्चच्या अखेरीस ती घरात बी टाकते. ट्रे फ्रिजवर ठेवते, तिथे ऊब असते. कोंब आले की खिडकीत. तिची चार झाडं, आमची हजारो, पण हिशोब एकच.

पुढच्या वर्षी आम्ही असंच केलं. खरं सांगायचं तर सगळ्यात अवघड काम ट्रे भरण्याचं नव्हतं, संध्याकाळी चार वाजता झाकायला कोण असेल हे ठरवण्याचं होतं. त्या वेळी निम्म्या जणी मजुरीवर, निम्म्या धारेच्या घाईत. आम्ही वहीत वार लावून घेतले, दोघी-दोघींची पाळी. जी झाकेल ती सही करेल. त्यामुळे आता चुकलं तर भांडण होत नाही, वही उघडली जाते. पाणी घालणारी परत कामावर आली, आणि तापमापक आता तिच्याच ताब्यात असतो.

मावशीही परत आल्या. आम्हाला वाटलं नव्हतं. बियांच्या पुड्या ओट्यावर ठेवून म्हणाल्या, "आधी २५ बी फडक्यात टाका. माझ्यासमोर मोजा. मग ऑर्डर." आम्ही मोजलं. सहा दिवसांनी त्या पुन्हा आल्या, तेव्हा २३ बियांना मोड होते. मग त्यांनी हो म्हटलं. आता कुणाचंही बी आलं तरी आम्ही हेच करतो आणि देणाऱ्यासमोर आकडा वहीत लिहितो.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढं करा. टाकायचं बी असेल त्यातलं २५ मोजा, ओल्या फडक्यात उबेला ठेवा आणि सहा-सात दिवसांनी मोड मोजा. टोमॅटोच्या प्रमाणित बियाण्याची उगवण कमीत कमी ७० टक्के असावी असा नियम आहे, म्हणजे २५ पैकी १८ तरी रुजले पाहिजेत. कमी आले तर पुडी, लेबल आणि बिल जपून ठेवा आणि दुकानदाराकडे परत जा. भरपूर आले तर बी निर्दोष आहे, आता जबाबदारी आपली.

आणि लावायच्या दिवसापासून उलटे ४५ दिवस मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा. दुधाच्या हिशोबाशेजारी केलीत तर रोज नजर जाईल.