सर्पदंश : दवाखाना दूर असताना करावयाचे प्रथमोपचार



मुंबई उपनगरात शेती होते असे सांगितले तर आपल्यापैकी पुष्कळांना हसू येईल. परंतु बोरिवलीच्या खाडीपलीकडे गोराई-मनोरीत भात आणि भाजीपाला पिकतो. आरे वसाहतीतील केल्टीपाडा, खांबाचा पाडा अशा पाड्यांवर वारली कुटुंबे पावसाळी भाज्या लावतात. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही पाडे आहेत. अंधेरी-घाटकोपरला मोठी रुग्णालये आहेत खरी, पण रात्री फेरीबोट बंद झाल्यावर गोराईकराला भाईंदरवरून वळसा घालूनच बोरिवली गाठावी लागते. प्रथमोपचाराच्या दृष्टीने जेथून डॉक्टरपर्यंत पोहोचायला तास लागतो ती जागा दुर्गमच समजावी. आपले शेतही बहुधा तशाच जागी असेल.

आपल्याकडे माणसे दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. दवाखान्यातील सर्पदंशाची लस या चारही सापांच्या विषावर चालते. ती घोड्यांना थोडेथोडे विष टोचून त्यांच्या रक्तापासून तयार करतात. मुंबईच्या हाफकिनचे नाव या कामामुळे आपल्या परिचयाचे आहेच. या लसीला दुसरा पर्याय नाही. म्हणून शेतावर आपण जे काही करावयाचे ते रोग्याला लसीपर्यंत जिवंत नेण्यासाठी.

प्रथम त्याला सापापासून दूर नेऊन आडवे निजवावे व धीर द्यावा. पुष्कळ साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही, हे त्याला सांगावे. तरीही दवाखाना टाळू नये. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढावेत, कारण सूज आल्यावर ते निघत नाहीत. चावलेल्या हाताला किंवा पायाला बांबूची कामटी लावून उपरण्याने अथवा जुन्या साडीच्या पट्टीने, बोट आत जाईल इतके सैल बांधावे. हेतू एवढाच की अवयव हलू नये. रोग्याला चालवू नये. झोळी करून रस्त्यापर्यंत न्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. दंशाची वेळ लक्षात ठेवावी.

आता दोरी आवळून बांधण्याविषयी. ही सवय आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की तिच्याविरुद्ध बोलणाऱ्यालाच लोक वेड्यात काढतात. घोणस, फुरसे यांचे विष मांस कुजवते. दोरीने ते एका जागी कोंडले की पाय कापण्याची पाळी येऊ शकते, आणि दोरी एकदम सोडली की कोंडलेले विष अंगभर पसरते. म्हणून दोरी बांधूच नये. कोणी आधीच आवळली असेल तर वाटेत न सोडता दवाखान्यात डॉक्टरांसमोरच सोडवावी. ब्लेडने कापणे, तोंडाने विष ओढणे, पाला चोळणे, कोंबडी लावणे, दारू पाजणे यांत फक्त वेळ जातो. साप मारण्याच्या नादात दुसऱ्यालाही दंश झाल्याची उदाहरणे आहेत. डॉक्टर लक्षणांवरून आणि रक्त गोठते की नाही ते पाहून उपचार ठरवतात, त्यांना साप दाखवण्याची गरज नसते.

मण्यारविषयी थोडे जास्त सांगतो. हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. वेदना जवळजवळ नसते, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, गिळता येत नाही, पापण्या जड होतात. घरचे लोक अपचन समजून ओवा देतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाची अशी तक्रार आली तर सर्पदंशच धरून चालावे. पुढे श्वास बंद पडतो, मात्र हृदय काही काळ चालू असते. रोगी डोळे उघडू शकत नाही, हात हलवू शकत नाही, पण त्याला ऐकू येत असते. अशाला मेला समजून सोडू नये. दवाखाना येईपर्यंत तोंडाने श्वास देत राहिल्यास माणूस वाचतो. ही कृती वाचून येत नाही. रेड क्रॉस किंवा सेंट जॉन अॅम्ब्युलन्सच्या वर्गात पुतळ्यावर हात बसवून शिकावी लागते. दर वाडीत निदान दोघांना ती यावी.

राष्ट्रीय उद्यानाच्या झाडीत हिरवा चापडाही आढळतो. त्याच्या विषावर ही लस चालत नाही. दंश सहसा जीवघेणा नसला तरी सूज फार येते, डॉक्टरांना दाखवावेच.

विंचू चावल्यावर नुसती कळ असेल तर भीती कमी. पण दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली तर तो लाल विंचू समजून तत्काळ निघावे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात यावर प्राझोसिन हे औषध लागू पडते असे दाखविले आणि कोकणातले मृत्यू कितीतरी घटले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बिबट्या, कोल्हा किंवा कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

मे महिन्यात, भाताची पेरणी सुरू होण्याआधी, दोन कामे करून ठेवा. जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन सर्पदंशाची लस आहे का, किती कुप्या आहेत आणि रात्री डॉक्टर असतात का, हे विचारा. लस नसेल तर ती कोठे मिळेल ते विचारून गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. मग एखाद्या धडधाकट गड्याला झोळीत घालून शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंत नेऊन पाहा, घड्याळ लावून. रात्रीच्या अंधारात हाच वेळ दुप्पट धरावा.