मिरचीचं तिखट मोजायचं कसं?

उन्हाळ्यात मसाल्याची मिरची घ्यायला गेलं, की दुकानदार विचारतो, ‘रंगाला हवी की तिखटाला?’ रंगाला ब्याडगी. लांब, सुरकुतलेली, गर्द लाल, पण जिभेला सौम्य. तिखटाला लवंगी किंवा गुंटूर. बाजाराची ही प्रतवारी अगदी शहाणपणाची आहे, फक्त तिच्यात आकडा नाही.

तो आकडा दिला विल्बर स्कोव्हिल यांनी, 1912 मध्ये. हे गृहस्थ अमेरिकेत डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस या औषध कंपनीत होते. आणि तिथं काम होतं ते अंगाला चोळायच्या औषधाचं, रश्श्याचं नव्हे! स्कोव्हिल वाळलेल्या मिरचीचा अल्कोहोलमध्ये अर्क काढत, तो साखरेच्या पाण्यात मिसळत आणि पाच जणांना चाखायला देत. पाचांपैकी तिघांना जेमतेम झोंबेल इतपत तो पातळ करत न्यायचा. त्यासाठी एक भाग अर्काला तीस हजार भाग पाणी लागलं, तर तिखटपणा 30,000 स्कोव्हिल.

यातली गोम उघड आहे. दोन-चार घोटांत जीभ बधिर होते, आणि कोल्हापूरकराची जीभ वेगळी, सुरतकराची वेगळी. म्हणून आता प्रयोगशाळेतलं यंत्र मिरचीतलं कॅप्साइसिन आणि त्याची भावंडं थेट मोजतं आणि त्यावरून स्कोव्हिलचा आकडा काढतात. ढोबळी मिरची शून्यावर. मेक्सिकोची हालापेन्यो अडीच ते आठ हजार. आसामकडची भूत जोलोकिया दहा लाखांच्या वर. 2007 मध्ये गिनेसनं तिला जगात सर्वांत तिखट ठरवलं. 2023 मध्ये हा मान अमेरिकेतल्या ‘पेपर एक्स’ला मिळाला, सुमारे 26 लाख 93 हजारांवर. शुद्ध कॅप्साइसिन 1 कोटी 60 लाख.

हे विक्रम मला विशेष भावत नाहीत. असली मिरची जेवणात कोण घालणार? शिवाय एकाच झाडाच्या दोन मिरच्यांचा आकडाही सारखा येत नाही. ऊन, पाण्याचा ताण, तोडणीची वेळ, सगळ्यानं तो हलतो.

आणखी एक. तिखटपणा बियांत नसतो. बिया ज्याला चिकटलेल्या असतात, त्या आतल्या पांढऱ्या गाभ्यात तो असतो. भाजी सौम्य हवी असेल तर तो गाभा खरवडून काढा. तरीही तोंड पोळलंच तर पाणी पिऊ नका, कॅप्साइसिन पाण्यात विरघळत नाही. दूध प्या.

आणि मसाला कंपन्यांना एक विनंती. पाकिटावर नुसतं ‘जास्त तिखट’ न लिहिता शेजारी स्कोव्हिलचा आकडाही छापा.