ऊन पाण्याच्या वाटेवर



वैशाखाच्या या तलखीत मी ऊन पाण्याच्या झऱ्यांविषयी बोलावयास उभा राहिलो आहे, हे पाहून आपणांपैकी काहींना हसू आले असेल. ज्या मुलखाने खडकवासल्याच्या कालव्याकडे डोळे लावून उन्हाळे काढले, तेथे पाणी मिळते कसे हा विषय खरा. ते तापते कसे हा कोणाला पडला आहे? परंतु आपल्याच भागातून वज्रेश्वरीच्या दर्शनाला गाड्या भरून माणसे जातात, कुंडात स्नान करून येतात. आणि आता तर आपली तरुण मुले मोटारसायकलीवरून थेट लडाखपर्यंत मजल मारतात आणि तेथील झऱ्यांतही उतरतात. म्हणून आज हा विषय घेतला.

प्रथम हे पाणी तापते कसे, ते पाहू. ठाणे-पालघरपासून राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत, समुद्र आणि सह्याद्री यांच्यामध्ये, अशा झऱ्यांची एक माळच आहे. तानसेच्या काठी अकलोली, जवळच गणेशपुरी, खाली दापोलीकडे उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यात आरवली, तुरळ, राजवाडी. कोणी म्हणतात, खाली ज्वालामुखी असला पाहिजे. तसे नाही. आपल्या दख्खनचा लाव्हा थिजून साडेसहा कोटी वर्षे होत आली. त्याची ऊब कधीच सरली. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खोल जाते. जमिनीत दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी उष्णता वाढते. ते पाणी तेथे तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. म्हणजे हे पाणी आपल्याच पावसाचे, फक्त फार लांबची यात्रा करून आलेले. कोठे ते चाळीस अंशांचे असते, कोठे सत्तरच्या घरात जाते.

आणि येथेच माणूस फसतो. आपण गुऱ्हाळाच्या मुलखातली माणसे. चुलवाणावर काहील उकळत असताना तिच्याजवळ पोराला फिरकू देत नाही, कारण ती खदखदताना डोळ्यांना दिसते. कुंडाचे पाणी मात्र आरशासारखे शांत असते. साठ अंशांचे पाणी पाहायला निवांत, परंतु मोठ्या माणसाची कातडी ते सुमारे पाच सेकंदांत खोलवर भाजते. पोराची कातडी पातळ. तिला तेवढाही वेळ लागत नाही.

माझ्याच घरचा एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या मामांना घेऊन आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील एका कुंडावर गेलो. मामा अडुसष्ट वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू. पहाटे निघालो होतो, पोटात फक्त चहा. गुडघ्यांना बरे वाटते म्हणून ते गळ्याइतक्या पाण्यात अर्धा तास बसून राहिले. आम्हीही म्हटले, बसू द्या. मग ते उठले, एक पायरी चढले आणि भोवळ येऊन दगडावर कोसळले. डोक्याला खोक पडली. मी घाबरून त्यांच्या तोंडात पाणी ओतू लागलो. तोच कपडे धुण्यास आलेली एक वृद्ध बाई ओरडली, “अरे बाबा, पाणी नको घालू, घशात अडकंल! सावलीत निजवा, पाय वर धरा!” तसे केले, खोकेवर स्वच्छ फडके दाबून धरले. पाच मिनिटांत त्यांनी डोळे उघडले. पुढे दवाखान्यात टाके पडले, पण मामा वाचले.

झाले होते ते असे. ऊन पाण्याने रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्तदाब उतरतो. त्यात गोळी, त्यात रिकामे पोट. एकदम उभे राहताच मेंदूला रक्त पुरले नाही. ती बाई नंतर म्हणाली, “आमच्यात उपाशी कुणी उतरत नाही, एकटं कुणी उतरत नाही, आणि लई वेळ कुणी बसत नाही. तुम्ही इचारलं असतं तर सांगितलं असतं.” आम्ही विचारले नव्हते. सगळे चुकले ते एवढेच.

बंधुभगिनींनो, त्या बाईच्या मुखी जे होते ते एका गावाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण होते. कोणते कुंड अंगाला सोसते, कोणत्यात फक्त तांदळाची पुरचुंडी बुडवायची, कोठे शेवाळ आहे, हे गाव जाणते. कोकणात झऱ्याजवळ गाव असते. पण जेथे गावच नाही, तेथे काय?

लडाखचे तसेच आहे. ते थंड वाळवंट. नुब्रा खोऱ्यात पनामिक आहे. लेहपासून सुमारे 140 किलोमीटरवर सिंधूच्या काठी चुमाथांग आहे. या दोन ठिकाणी निदान वस्ती तरी आहे. त्याच्याही पुढे माहेच्या पुलावरून आत गेले की सुमारे 4,400 मीटर उंचीवर पुगाचे खोरे लागते. गंधकाचा वास, वाफा, पांढरे क्षार, आणि मैलोन्‌मैल माणूस क्वचितच. तेथे हवा इतकी विरळ की पाणी साधारण 85 अंशांनाच उकळते. वरून थंडी अशी की बोटे बधिर होतात, आणि बधिर बोटांना कढत पाण्याची परीक्षा करता येत नाही. झऱ्याभोवतीची जमीन वरून टणक, आतून चिखल. पाय रुतला की तो कढत पाण्यातच जातो.

अशा ठिकाणी जाऊ नका, असे मी म्हणणार नाही. जरूर जा, देश पाहण्यासारखा आहे. मात्र जेथे गाव नाही, तेथे गावाचे शहाणपण आपण बरोबर न्यायचे, एवढेच माझे सांगणे आहे.

म्हणजे काय करायचे? लेहला पोचल्यावर दोन दिवस विसावा घ्यायचा. उंचीची सवय झाल्यावाचून पुढे जायचे नाही. वाटेत डोके फार दुखू लागले, ओकारी आली, तोल जाऊ लागला, तर झरा राहिला तरी चालेल, आधी खाली उतरायचे. टाकी लेहलाच भरायची, परवान्याची चौकशी तेथेच करायची, आणि संध्याकाळी कितीपर्यंत परतणार ते मुक्कामाच्या घरी सांगून निघायचे, कारण पुढे दूरध्वनी लागेलच असे नाही. पिण्याचे पाणी घरून न्यायचे. झऱ्याचे पिऊ नये. वाटाड्या असेल तर त्याच्या पावलावर पाऊल टाकायचे. खळग्यात वाकून वाफ घेऊ नये. गंधकाचा विषारी वायू हवेपेक्षा जड, तो खोलगट जागी साठतो, आणि फार झाला म्हणजे त्याचा वासच कळेनासा होतो.

पाण्याची परीक्षा तापमापकाने करावी. चाळीस अंशांच्या पुढचे पाणी स्नानाचे नव्हे. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. गर्भवती स्त्रिया, हृदयविकाराची माणसे यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून उतरू नये, आणि मद्य घेतलेल्याने तर मुळीच नाही. आणखी एक: कोमट, साचलेल्या पाण्यात क्वचित एक अमीबा असतो. तो नाकावाटे मेंदूत शिरला तर माणूस बहुधा वाचत नाही. तेव्हा डोके बुडवू नये, नाकात पाणी जाऊ देऊ नये. हा नियम लडाखइतकाच कोकणातही पाळावा.

आणि भाजलेच, तर वीस मिनिटे साधे गार पाणी ओतत राहावे. हळद, तूप, दातांची पेस्ट, बर्फ यांपैकी काही लावू नये. स्वच्छ कापडाने झाकून दवाखाना गाठावा. आपल्या राज्यात 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. परक्या मुलखात आपली गाडी हीच रुग्णवाहिका, म्हणून ती परतीच्या दिशेला तोंड करून उभी असावी.

वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला आणि 1739 साली वसई जिंकल्यावर तिचे देऊळ बांधले, असे सांगतात. नवस फेडायला माणूस परत यावा लागतो. आपणही ऊन पाण्याच्या वाटेला लागाल तेव्हा परतीचा विचार आधी करावा, पाण्यात पाय नंतर घालावा.